फ्रिजच्या दारातून येणारे पाणी आणि बर्फ : बिघाड कसा ओळखावा, रुग्णाच्या घरात काय काळजी घ्यावी

दारातूनच गार पाणी आणि बर्फ देणारे फ्रिज आता शहरांतल्या बऱ्याच घरांत दिसतात. पाण्याची धार बारीक झाली, पाण्याला वास येऊ लागला किंवा बर्फ पडायचा थांबला, की आपण मेकॅनिकला फोन करतो. ते बरोबरच आहे. पण घरात केमोथेरपी चालू असलेला किंवा डायलिसिसवर असलेला रुग्ण असेल, कोणी इन्सुलिन घेत असेल, वरच्या दुधावरचे बाळ असेल किंवा गरोदर बाई असेल, तर मेकॅनिक येईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत काही गोष्टी तुम्हालाच पाहाव्या लागतात. कोणता बिघाड नुसता गैरसोयीचा आणि कोणता तब्येतीला त्रासदायक ठरू शकतो, हे या लेखात समजून घेऊ.

पाणी कोणत्या वाटेने येते?

या फ्रिजचे दोन प्रकार असतात. पहिल्यात दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची टाकी असते, ती आपण हाताने भरतो. दुसऱ्यात घरातल्या नळाची किंवा वॉटर प्युरिफायरची बारीक नळी थेट फ्रिजला जोडलेली असते. नळीतले पाणी एका इलेक्ट्रिक व्हॉल्व्हमधून आत येते, फिल्टरमधून जाते, आतल्या छोट्या टाकीत गार होते आणि मग दाराकडे किंवा बर्फाच्या साच्याकडे वळते.

यातल्या फिल्टरबद्दल मोठा गैरसमज आहे. फ्रिजमधला फिल्टर बहुतेक वेळा कार्बनचा असतो. तो पाण्यातला क्लोरीन, वास आणि बारीक गाळ काढतो. काही चांगले फिल्टर शिसे आणि काही परजीवींची कवचेही अडवतात. पण साधा कार्बन फिल्टर जिवाणू आणि विषाणू मारत नाही. महापालिकेच्या, आधीच शुद्ध केलेल्या पाण्याची चव सुधारावी, एवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. उलट, जंतूंना रोखून धरणारा क्लोरीनच तो काढून टाकत असल्याने फिल्टरच्या पुढचे पाणी एका अर्थाने उघडे पडते. ते नळीत किंवा टाकीत बराच वेळ साचून राहिले, की आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरू लागतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी तासन्‌तास पडून राहते, उन्हाळ्यात टँकर येतो, काही ठिकाणी बोअरचे पाणी मिसळले जाते. अशा पाण्यात फ्रिजपर्यंत पोहोचताना क्लोरीन फारसा उरलेलाच नसतो. म्हणून नळी थेट गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याला जोडलेली असेल, तर फ्रिजमधला फिल्टर कितीही नवा असला तरी ते पाणी पिण्यायोग्य झाले असे समजू नका. नळी प्युरिफायरच्या पुढे जोडून घ्या. टाकीवाला फ्रिज असेल तर टाकीत प्युरिफायरचे किंवा उकळून गार केलेले पाणीच भरा.

बर्फ पडत नाही? आधी औषधे पाहा

बर्फ बंद झाला की सगळ्यांचे लक्ष बर्फाकडे जाते. डॉक्टर म्हणून मला पहिली काळजी असते ती त्याच फ्रिजमधल्या इन्सुलिनची.

साधी कारणे आधी पाहून घ्या. पॅनेलवरचे चाइल्ड लॉक चुकून दाबले गेले की पाणी आणि बर्फ दोन्ही थांबतात, फ्रिज मात्र नीट चालतो. लहान मुले आणि पुसायचे फडके, दोघांकडूनही हे होते. दार पूर्ण लागले नसेल तरी पाणी येत नाही. बर्फाच्या डब्याजवळची दांडी किंवा सेन्सर अडकला असेल, तर डबा भरला आहे असे समजून यंत्र बर्फ करणे थांबवते. फ्रिज नवा असेल किंवा बराच काळ बंद ठेवून नुकताच सुरू केला असेल, तर पहिला बर्फ पडायला एक दिवस लागू शकतो.

यातले काहीच नसेल, तर फ्रीझर पुरेसा थंड होत नसावा अशी शंका घ्या. फ्रीझर उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असायला हवा. तो ढिला पडला की साच्यातले पाणी वेळेवर गोठत नाही. बर्फ कमी होणे, खडे पोकळ किंवा ओलसर येणे, डब्यातला बर्फ वितळून पुन्हा एकमेकांना चिकटून मोठा गोळा होणे, ही त्याची लक्षणे. फ्रीझर ढिला असेल तर खालचा किंवा शेजारचा कप्पाही गरम होऊ लागलेला असण्याची शक्यता बरीच असते.

अशा वेळी हाताने अंदाज घेऊ नका. फ्रिजसाठीचा छोटा थर्मामीटर बाजारात मिळतो. तो मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. अन्नासाठी फ्रिज ४ अंशांपर्यंत हवा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. म्हणजे ३ ते ४ अंश हा आकडा दोन्हींना चालतो.

आकडा ८ च्या वर असेल तर घाबरून इन्सुलिन फेकू नका. बहुतेक इन्सुलिन २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत आणि तापमान खोक्यातल्या पत्रकात छापलेले असते, ते वाचा. ज्या दिवसापासून फ्रिज बिघडला, ती तारीख खोक्यावर लिहा आणि तिथून मुदत मोजा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात घरातले तापमानच ४० च्या आसपास असते, तेव्हा मात्र इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा किंवा ओल्या फडक्यात, मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा. बर्फावर थेट ठेवू नका.

याच्या उलटा बिघाड जास्त फसवा असतो. बर्फ भरपूर पडतो, पण पाणी येत नाही, कारण पाण्याची वाट गोठली आहे. बऱ्याच फ्रिजमध्ये पाण्याची नळी फ्रीझरच्या दारातून वर जाते. फ्रीझर गरजेपेक्षा जास्त थंड ठेवला की ती गोठते. इथवर काळजीचे कारण नाही. सेटिंग एक-दोन अंशांनी वर करा आणि एक दिवस थांबा. पण भाजीच्या ट्रेमागची पाण्याची टाकी गोठली असेल, भाजीवर बर्फाचे कण दिसत असतील किंवा दुधात पापुद्रे येत असतील, तर फ्रिजचा कप्पाच शून्याखाली जातो आहे आणि तिथले इन्सुलिनही गोठलेले असू शकते.

एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. वितळल्यावर ते दिसायला अगदी पूर्वीसारखे असू शकते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. पाण्यासारख्या स्वच्छ इन्सुलिनमध्ये गढूळपणा किंवा कण दिसले, दुधाळ इन्सुलिन हलवूनही एकजीव झाले नाही, तर ते खराब झालेच. पण तसे काही दिसले नाही तरी, गोठल्याची खात्री असल्यास ते टाकून द्या. डोस तोच, जेवण तेच आणि साखर अचानक चढू लागली, तर फ्रिजकडेही एकदा संशयाने पाहा. यापुढे इन्सुलिनचे खोके मागच्या भिंतीला टेकवून किंवा गार हवा येणाऱ्या जाळीसमोर ठेवू नका. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, खोक्यासकट ठेवा.

वीज गेली असेल तर दार उघडू नका. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास गार राहतो, पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास.

पाण्याची धार बारीक झाली तर

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तुंबलेला फिल्टर. कंपन्या साधारण सहा महिन्यांनी फिल्टर बदलायला सांगतात. आपल्या गाळाच्या किंवा जड पाण्याला तो त्याआधीच तुंबू शकतो. पॅनेलवरचा दिवा लागायची वाट पाहू नका. अनेक फ्रिजमध्ये तो दिवा किती महिने गेले एवढेच मोजतो, पाणी कसे होते हे त्याला कळत नाही. फिल्टर काढून, सोबत आलेली बंद टोपी बसवून पाहा. धार मोठी झाली तर दोष फिल्टरचाच. टोपी लावून पाहणे ही चाचणी झाली. ते पाणी रुग्णाला प्यायला देऊ नका.

दुसरे कारण दाबाचे. फ्रिजचा व्हॉल्व्ह नीट उघडायला पाण्याला ठरावीक दाब लागतो, बऱ्याच मॉडेलना किमान २० पीएसआयच्या आसपास. आरओचे पाणी मुळातच हळू येते, आणि तिथून फ्रिजपर्यंत लांब नळी ओढली असेल तर दाब आणखी पडतो. अशा घरांत बर्फाचे खडेही लहान येतात. यावर उपाय म्हणून काही जण आरओ टाळून नळी थेट टाकीच्या पाण्याला जोडून देतात. धार मोठी होते, बर्फ भराभर पडतो, घरातले खूश. पण आता ते पाणी कोणत्या प्रतीचे आहे, हे विसरले जाते. दाब हवा असेल तर छोटा बूस्टर पंप बसवून घ्या, पाणी शुद्धच राहू द्या.

नळी फ्रिजच्या मागे दुमडली गेली आहे का, फ्रिज साफसफाईसाठी हलवल्यानंतर हे सुरू झाले का, भिंतीवरचा छोटा कॉक पूर्ण उघडा आहे का, हेही पाहा.

वास, रंग, कण : कशाला घाबरायचे आणि कशाला नाही

पेल्यात घेतलेले पाणी दुधाळ दिसते आणि मिनिटभरात खालून वर निवळत जाते, तेव्हा ते हवेचे बुडबुडे असतात. काही करायला नको. बर्फ वितळल्यावर तळाशी पांढरे पापुद्रे राहतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. जड पाण्याच्या गावात हे होणारच, त्याने मूतखडा होतो ही भीती सोडा. फिल्टर बदलल्यानंतर काळे बारीक कण येतात, ती कार्बनची पूड. नवा फिल्टर बसवल्यावर पहिले आठ-दहा लिटर पाणी सोडून द्या (झाडांना घाला), म्हणजे पूडही जाते आणि नळीत अडकलेली हवाही. त्या दिवशीचा बर्फही टाका.

तांबूस किंवा पिवळट पाणी बहुधा गंजाचे असते. ते घरातल्या इतर नळांनाही तसेच येत असेल तर दोष इमारतीच्या पाइपांचा आहे.

आता काळजी करण्याजोगे. कुबट, मातकट किंवा सडका वास. तोटीभोवती काळे ठिपके, म्हणजे बुरशी. तोटीवर, ठिबकणारे पाणी जमा होणाऱ्या ट्रेमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात गुलाबी, बुळबुळीत थर, म्हणजे जिवाणूंची वाढ. महिनाभर घर बंद ठेवून गावाहून आल्यावर हे हमखास दिसते, कारण नळीतले पाणी तेवढे दिवस तसेच साचलेले असते. अशा वेळी साफसफाई आणि फिल्टर बदलणे होईपर्यंत ते पाणी आणि तो बर्फ कोणीच वापरू नये, धडधाकट माणसानेही नाही.

कधीकधी वास पाण्याला नसून बर्फाला असतो. फ्रीझरमधली उघडी मासळी, चिरलेला कांदा यांचा वास बर्फ शोषून घेतो. डबा धुऊन, जुना बर्फ टाकला की प्रश्न संपतो.

बर्फात जंतू मरतात का?

नाही. गोठल्याने बऱ्याच जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए विषाणू, जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस, टायफॉइडचे जिवाणू हे सगळे बर्फात तग धरतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. सरबतात किंवा अन्य पेयात तो बर्फ टाकला तरी फरक पडत नाही. म्हणून बर्फ हा मूळ पाण्याइतकाच चांगला किंवा वाईट.

बाहेरच्या बर्फाबद्दल एक उपयोगी माहिती. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला, माल थंड ठेवण्याचा बर्फ निळसर रंगाचा करावा असा नियम आहे. सरबताच्या गाडीवर तसा बर्फ दिसला तर पुढे निघा. पण पांढरा आहे म्हणून तो शुद्ध पाण्याचा आहे, असा अर्थ काढू नका.

स्वच्छ दिसणाऱ्या यंत्राचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात २०१८ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या चार रुग्णांना मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जंतूचा संसर्ग झाला, त्यातले तिघे दगावले. तपासात बोट गेले ते अतिदक्षता विभागातल्या बर्फ आणि पाण्याच्या यंत्राकडे. त्याला कार्बन फिल्टर आणि अतिनील किरणांची सोय जोडलेली होती. चव सुधारायला लावलेल्या त्या यंत्रणेने पाण्यातला क्लोरीन काढून टाकला होता आणि पुढच्या नळ्यांमध्ये जंतू वाढले होते. हा जंतू धडधाकट माणसाला पोटातून सहसा काही करत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेतून जाणाऱ्या, शरीरात उपकरणे बसवलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. घरच्या फ्रिजने घाबरून जावे असा याचा अर्थ नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णासाठी मात्र वेगळी सोय का करायची, ते यातून कळावे.

साफसफाई कशी करावी

आधी प्लग काढा. बर्फाचा डबा, ठिबकणारे पाणी साठवणारा ट्रे आणि टाकीवाल्या फ्रिजमधली टाकी बाहेर काढून कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या द्रव साबणाने धुवा. कढत पाणी नको, गार प्लास्टिकला तडे जातात आणि तड्यांत घाण बसते. तोटी नव्या, मऊ टूथब्रशने घासा. पांढरे क्षार असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके काही मिनिटे लावून ठेवा. सगळे साध्या पाण्याने नीट खंगाळा आणि पूर्ण कोरडे करून बसवा. टाकीवाल्या फ्रिजमध्ये हे आठवड्याला करा, कारण त्या टाकीत कालच्या पाण्यावर आजचे पाणी ओतले जाते आणि तळ कधी धुतलाच जात नाही.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र किंवा एकापाठोपाठ वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दम्याच्या रुग्णासाठी बंद स्वयंपाकघरात ते फार धोक्याचे ठरते. आतल्या नळ्यांमध्ये कोणते रसायन चालते, हे फ्रिजच्या पुस्तिकेत पाहा. तिथे लिहिले नसेल तर ते काम मेकॅनिकवर सोडा.

चिकटलेला बर्फ सुरी, स्क्रू-ड्रायव्हर किंवा लाटण्याने फोडू नका. हाताला खोल जखम होते, ते वेगळेच. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये थंडाव्यासाठी ज्वालाग्राही वायू असतो आणि आतली नळी फुटली तर तो स्वयंपाकघरात पसरतो. प्लग काढून, दार उघडे ठेवून बर्फ वितळू द्या.

रोजच्या वापरात बाटलीचे तोंड तोटीला टेकवू नका. उष्ट्या बाटलीतली लाळ तिथे लागते आणि पुढच्याच्या पेल्यात जाते. बर्फ घ्यायला हात किंवा पेला डब्यात घालू नका, चमचा ठेवा.

या रुग्णांनी खास काळजी घ्यावी

केमोथेरपी चालू आहे, अवयव प्रत्यारोपण झाले आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, अशा रुग्णाला फ्रिजच्या तोटीचे पाणी आणि तिथला बर्फ न दिलेलाच बरा, फ्रिज नीट चालत असला तरीही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्या, झाकून गार करा. त्याच पाण्याचा बर्फ झाकणाच्या वेगळ्या ट्रेमध्ये रोज ताजा लावा. खर्च काहीच नाही आणि मेकॅनिकवर अवलंबून राहावे लागत नाही.

केमोथेरपीत बर्फाची एक वेगळी बाजू आहे. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम दिले जाते, तेव्हा आधी पाच मिनिटे आणि पुढे अर्धा तास बर्फाचे खडे तोंडात धरले, तर तोंड येण्याचा त्रास कमी होतो. पण ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध घेतल्यावर काही दिवस थंड वस्तू तोंडात गेली की घसा आवळल्यासारखा होतो, हाता-पायांना झिणझिण्या येतात. नुसता फ्रीझरमध्ये हात घातला तरी त्रास होतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही दोन्ही औषधे अनेकदा एकत्र देतात. त्यामुळे शेजारच्या पेशंटला बर्फ चघळायला सांगितला होता म्हणून तुम्हीही चघळू नका, तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याने फ्रिजच्या तोटीचे गार पाणी सवयीने पेल्यात घेऊ नये, म्हणून त्या दिवसांत पॅनेलचे लॉक लावून ठेवण्याची युक्ती चांगली चालते.

डायलिसिसच्या रुग्णाला तहान भागवण्यासाठी बर्फाचा खडा तोंडात धरायला सांगतात. तो उपाय चांगला आहे, पण बर्फ हे पाणीच आहे आणि ते दिवसाच्या हिशेबात धरायलाच हवे. वाटीभर खडे वितळले की साधारण अर्धी वाटी पाणी होते. यंत्राचे खडे कधी मोठे, कधी पोकळ पडत असतील तर हा हिशेब कोलमडतो. त्याऐवजी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पाण्यातले, समजा, २०० मिली पाणी सकाळीच मोजून ट्रेमध्ये लावा आणि दिवसभर तेच खडे पुरवा.

बाळाच्या पावडरच्या दुधासाठी फ्रिजच्या तोटीचे पाणी वापरू नका. दुधाची पावडरही निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती उकळलेल्या, किमान ७० अंश गरम पाण्यात कालवायला सांगते. नंतर वाटी-चमचा किंवा बाटली बाहेरून गार पाण्यात धरून दूध कोमट करा. त्यात बर्फ टाकू नका.

गरोदर स्त्रीसाठी दूषित पाण्याची मोठी भीती हिपॅटायटिस ई ची. इतरांना ही कावीळ बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. टँकरचे पाणी चालू असलेल्या दिवसांत उकळलेले पाणीच प्या.

घरात कोणी सारखा बर्फ खात असेल तर

हे थोडे विषयांतर, पण फार उपयोगाचे. बर्फाचा डबा हल्ली रोज रिकामा होतो, यंत्र कमी बर्फ करते की काय, अशी शंका येते आणि मग लक्षात येते की घरातली मुलगी किंवा सून दिवसभर खडे कडाकडा चावते आहे. बर्फ खाण्याची अनावर ओढ हे शरीरातले लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. अशा वेळी रागावू नका, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ही ओढ बऱ्याचदा थोड्या दिवसांतच जाते, हिमोग्लोबिन चढण्याच्याही आधी. पन्नाशीपुढच्या माणसात किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषात लोह कमी सापडले, तर ते कुठून झिरपते आहे, हे डॉक्टरांकडून शोधून घ्यावेच लागते.

फ्रिजखाली पाणी साचते

फिल्टर बदलल्यावर एक-दोन दिवस तोटी ठिबकणे नेहमीचे आहे, नळीत हवा असते. त्यानंतरही ठिबकत राहिली, किंवा फ्रिजखाली पाणी दिसू लागले, तर व्हॉल्व्ह किंवा नळीचा जोड गळत आहे. भिंतीवरचा कॉक बंद करा, म्हणजे मेकॅनिक येईपर्यंत प्रश्न तिथेच थांबतो. गुळगुळीत फरशीवरचे पाणी म्हणजे सत्तरीच्या आजी-आजोबांसाठी खुब्याचे हाड मोडायला निमित्त. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्यांच्या उशाशी तांब्या-भांडे ठेवा आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू राहू द्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून प्लग काढू नका. कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करा.

डॉक्टरांकडे कधी जावे

खराब पाणी किंवा बर्फ पोटात गेला आणि एक-दोन वेळा पातळ शौचाला झाले, तर घरी सलाइनचे पाणी प्यावे. औषधाच्या दुकानातले ओआरएसचे पाकीट नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह असलेल्यांनीही जुलाबात ओआरएस टाळू नये, फक्त साखर तपासत राहावे. डायलिसिसच्या रुग्णाने मात्र किती प्यायचे, ते आधी फोन करून विचारावे.

शौचातून रक्त, ताप, काही पोटात न ठरणे, आठ-दहा तास लघवी न होणे, गुंगी, डोळे खोल जाणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर दुसऱ्या जुलाबालाच. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका.

जुलाब बरे झाल्यावर काही दिवसांनी किंवा दोन-तीन आठवड्यांत पायांत मुंग्या, जिना चढताना अशक्तपणा आणि तो वर-वर सरकू लागला, तर ती तातडीची बाब समजा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. तेव्हा दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे लक्ष गेले होते. या आजारात श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात, पण वेळेत रुग्णालयात पोहोचलेले बहुतेक रुग्ण सावरतात.

कावीळ आणि टायफॉइड उशिरा उगवतात. टायफॉइडचा ताप एक ते तीन आठवड्यांनी येतो आणि हिपॅटायटिस ए ची कावीळ दोन ते सात आठवड्यांनी. तोपर्यंत फ्रिज दुरुस्त होऊन ती गोष्ट सगळे विसरलेले असतात. म्हणून पाणी बिघडले होते ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या दोन महिन्यांत कोणाला ताप किंवा कावीळ झाली, तर डॉक्टरांना ती सांगा.